पवनाकाठचा सयाम

जगातले सगळे देश शेवटी दोनच प्रकारचे असतात. एक, जे माणूस पाहतो. आणि दुसरे, जे माणूस शिकवतो. त्यांपैकी दुसरेच अधिक खरे, कारण ते बदलत नाहीत, त्यांना वास येत नाही आणि तास संपला की ते गुंडाळून कोपऱ्यात उभे करून ठेवता येतात. हा सिद्धांत दिगंबर सरांनी एका रविवारी सकाळी, पवनानगरच्या अलीकडे, धरणाच्या पाण्याकाठी उभारलेल्या सोनेरी कमानीखाली उभे राहून मांडला. लोणावळ्याच्या शाळेत उभा जन्म भूगोल शिकवलेल्या माणसाला तो शोभणाराही होता. ऐकायला मात्र समोर अपेक्षा नावाची एकच मुलगी होती. तिच्या डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट होता आणि हातात कागदी पट्ट्यांचा गठ्ठा. "आबा, हात पुढं करा," ती म्हणाली, "घड्याळाचा नको, दुसरा." आणि तिने सरांच्या मनगटाला एक गुलाबी पट्टी डकवली. पट्टीवर 'ज्येष्ठ नागरिक, जैन' असे छापलेले होते. सर जैन नव्हते. पण बाकीच्या ज्येष्ठ नागरिकांच्या पट्ट्या संपल्या होत्या.

कमानीवर 'सयाम ग्राम' अशी वळणदार अक्षरे होती आणि खाली लिहिले होते: थायलंड एका दिवसात, गाइडसह, पासपोर्टची गरज नाही. कामशेतच्या वळणावर हाच मजकूर एका मोठ्या फ्लेक्सवर लागलेला होता आणि गेल्या बुधवारी तो वाचायला सरांनी रिक्षा थांबवली होती. घरी येऊन ते बायकोला म्हणाले होते, "रविवारी जाऊन येऊ कुठेतरी. बदल म्हणून." सरोजिनीबाईंनी 'कुठे' असे विचारले नाही. नवऱ्याला बदल हवासा वाटणे ही गोष्ट लग्नानंतर प्रथमच घडत होती, तेव्हा चौकशी करून ती बिघडवण्यात अर्थ नव्हता. आज त्यांनी मोरपंखी साडी नेसली होती आणि खाली पांढरे स्पोर्ट्स शूज घातले होते. कमानीखाली त्यांनी नवऱ्याच्या मनगटावरची पट्टी वाचली, स्वतःच्या मनगटावरची वाचली, आणि म्हणाल्या, "चला. निदान कांद्याची भजी मिळणार नाहीत एवढं तरी कळलं."

खरे म्हणजे सगळे सुरू झाले मंगळवारी, आणि सुरू झाले म्हणावे असे काही झालेही नव्हते. संध्याकाळी सरोजिनीबाई गॅसपाशी उभ्या राहून मोबाइलवरचा मजकूर मोठ्याने वाचत होत्या. मुलीचा मजकूर आला की त्या तो असा मोठ्याने वाचत, जणू काही कुकरला वाचून दाखवत आहेत; घरात आणखी कुणाच्या कानावर तो पडला तर त्याला त्यांचा इलाज नव्हता. कौमुदीने लिहिले होते की डिसेंबरात आम्ही दोघे येतोय. खंडाळ्याला हॉटेल बघितलंय, खोलीतून दरी दिसते. बाबांना अवघडल्यासारखं व्हायला नको. एवढेच. सर बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते आणि ते पेपर वाचतच राहिले. फक्त 'हॉटेल' हा शब्द बातमीच्या मधोमध येऊन बसला आणि उठेना. लोणावळ्यात जन्म काढलेल्या माणसाच्या मनात माणसांच्या दोन स्पष्ट जाती असतात: राहणारे आणि येणारे. येणारे गाडीचा हॉर्न वाजवतात, चिक्कीचे चार डबे उचलतात, धुक्याकडे बघून किंचाळतात आणि रात्री हॉटेलात झोपतात. राहणारे त्यांच्याकडे गच्चीवरून पाहतात आणि रविवार सरण्याची वाट बघतात. सरांनी आयुष्यात या गावातल्या कुठल्याही हॉटेलात रात्र काढली नव्हती, आणि ते त्यांना चारित्र्याइतकेच महत्त्वाचे वाटे. आता त्यांची मुलगी येणारी होणार होती. कपाटावर जिच्या बारावीच्या वह्या अजून बांधून ठेवलेल्या होत्या, ती खंडाळ्याच्या कुठल्या तरी खिडकीतून दरी बघणार आणि मग टॅक्सी करून आईबापांना भेटायला येणार, तासभर बसणार, निघताना चिक्की घेणार. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते सहज म्हणून खंडाळ्याच्या दरीकाठच्या एका हॉटेलापर्यंत चालत गेले. फाटकावरचा माणूस अदबीने पुढे आला. "रूम पाहिजे का साहेब? एसी, नॉनएसी?" सर म्हणाले, "नाही, मी इथलाच," आणि परत फिरले. परतीच्या वाटेवर त्यांना वाटत राहिले की 'इथलाच' हा शब्द आपण उगीच थोडा मोठ्याने म्हणालो.

"बसा सर, बसा मावशी, टुकटुकमधी बसा," गाइड म्हणाला. त्याचे नाव कैलास. अंगात रेशमी वाटेल असे जाकीट, खाली गुडघ्यापर्यंतचे चमकदार धोतर आणि पायांत प्लॅस्टिकच्या चपला. टुकटुक म्हणजे निळी-लाल रंगवलेली आपली डिझेल रिक्षाच होती. तिने चिंचवडहून आलेली काही मंडळी, सर आणि सरोजिनीबाई यांना मिळून सिमेंटच्या हत्तींमधून नेले. "आज स्टाफ कमी हाय, समजून घ्या," कैलास हँडल वळवत म्हणाला. "भाताची कापणी चाललीय. निमं थायलंड रानात गेलंय." उजवीकडे पाण्यापलीकडे तुंग किल्ला दिसत होता. तो थायलंडच्या हद्दीत येत नसल्यामुळे फोटोच्या प्रत्येक जागी कैलास सगळ्यांना त्याच्याकडे तोंड करून उभे करी, म्हणजे फोटोत तो येत नसे. सर मात्र फोटो निघत असताना त्याच्याकडेच बघत राहिले. सयाम, हिंदी चीन द्वीपकल्प, राजधानी बँकॉक, मुख्य पीक तांदूळ, निर्यात कथील, रबर, सागवान. मेनाम नदीच्या खोऱ्यातील लोक उंच खांबांवर घरे बांधतात, का बांधतात, तू सांग. तू. मागच्या बाकावरच्याने उभे राहून 'पूर' म्हणायचे. किती वर्षे ते हा देश सातवीच्या वर्गात भिंतीवर टांगत आले होते, आणि त्या पिवळ्या तुकड्यातून एक दिवस कुणी माणूस उठून त्यांच्याशी बोलायला येईल, हे अभ्यासक्रमात नव्हते.

तो आला होता टॅबलेटच्या काचेत. दीड वर्षापूर्वी. कौमुदी तिकडे नोकरीला गेली, तिथेच थानावत नावाच्या माणसाशी तिने नोंदणी करून लग्न केले आणि मग एका रविवारी त्याला समोर बसवले. (त्याचे नाव सरांनी त्यानंतर कधी उच्चारले नाही, वेळ पडलीच तर ते 'तो गृहस्थ' म्हणत.) धर्म, जात, देश, भाषा यांपैकी कशालाच आपली हरकत नाही, असे सरांनी सुरुवातीलाच इंग्रजीत स्पष्ट केले आणि मग पाऊण तास हरकत घेतली. गृहस्थ ऐकत होता. मध्ये बोलत नव्हता, मान हलवत होता, आणि सरांना सर्वांत जास्त खुपले ते म्हणजे हसत होता. मोठ्याने नाही, नुसता ओठांच्या कडेने, वर्गात चूक पकडलेल्या पोरासारखा. सर त्या वेळी कुटुंबसंस्थेवर आले होते. वाक्य ऐन रंगात होते. आणि अचानक त्या माणसाने दोन्ही हात जोडून थेट नाकापर्यंत नेले, कोपरे अंगाशी आवळली, डोके खाली घातले, आणि तसाच मागे सरकत काचेतून नाहीसा झाला. सरांनी असा नमस्कार पुष्कळ पाहिला होता. शिक्षकांच्या सभांत पाहिला होता, भाडेकरूंशी बोलताना पाहिला होता, आणि स्वतः एकदा एका शिक्षणाधिकाऱ्याला केलाही होता. कोपरापासून नमस्कार. म्हणजे झाले तुमचे? पुरे करा, या आता, पाया पडतो पण थांबा. सरोजिनीबाई शेजारून म्हणाल्या, "अहो, नमस्कार केला त्यानं." सर म्हणाले, "कळतो मला नमस्कार. तसला नव्हता तो." तेवढ्यात कौमुदीचा चेहरा काचेत आला आणि 'बाबा' एवढा शब्द येईपर्यंत त्यांनी टॅबलेटचे झाकण लावले होते. त्यानंतर कुणी कुणावर रागावले नाही, कुणी भांडले नाही. नुसते झाकण लावलेले राहिले. आईशी मुलगी रोज बोले. सर तेवढ्या वेळात झाडांना पाणी घालत. डिसेंबरात, पावसातही.

"हितं उतरा," कैलास म्हणाला. "हे आपलं मेन आकर्षण." वडाचे एक थोरले झाड होते, रिसॉर्टच्या कितीतरी आधीचे, आणि त्याच्या पारंब्यांच्या जंजाळात फायबरचे एक शांत बुद्धमुख बसवलेले होते. तिकडे अयुथ्या नावाच्या जुन्या राजधानीत झाडाच्या मुळांत असेच मस्तक आहे म्हणे, दगडाचे. हे दोन पावसाळ्यांत कानापाशी थोडे पांढुरके पडले होते, पण डोळे मिटलेले असल्यामुळे त्याला त्याचे काही नसावे. "फोटो काढायचा तर खाली बसायचं," कैलासने सांगितले. "आपलं डोकं त्यांच्या डोक्याच्या वर न्हाई जाऊ द्यायचं. तिकडं तसा नियम हाय." चिंचवडची मंडळी पटापट बसली आणि उठली. सर बसले, आणि बसल्यावर त्यांना असे आढळून आले की उठण्याचा प्रश्न आपण विचारात घेतलेला नव्हता. तेव्हा ते बसूनच राहिले. जमीन गार होती. वडाच्या सालीचा ओलसर, किंचित आंबूस वास येत होता, आणि तो वास नेमका बेडशाच्या लेण्यातल्या वासासारखा होता. त्या वासाला त्यांनी गेल्या कित्येक वर्षांत हाक मारलेली नव्हती. तो आपण होऊन आला आणि शेजारी बसला. बेडशाला ते दर वर्षी सातवीची सहल नेत. कौमुदी सातवीत होती ते वर्ष. शाळेच्या आवारात आणि सहलीत मला सर म्हणायचे, हा त्यांचाच नियम, आणि ती तो इतका काटेकोर पाळी की कधी कधी घरीसुद्धा तिच्या तोंडून 'सर, भाजी वाढू?' असे निघे आणि त्यांना बरे वाटे. त्या दिवशी खाली उतरताना ती दिसेना. ते परत वर गेले. भिक्षूंच्या खोल्यांपैकी एकीत, दगडी बाकावर, ती हात छातीवर ठेवून उताणी पडली होती. "सर, इथं काहीच ऐकू येत नाही," ती म्हणाली, डोळे न उघडता, फार खूश होऊन. क्षणभर त्यांना वाटले होते की आपणही शेजारच्या बाकावर पडून बघावे. त्यांनी तिला खाली गेल्यावर पाच मिनिटे उन्हात उभे केले. मग परतीच्या एसटीत त्यांनी आपल्या शेजारच्या जागेवर पिशवी ठेवली, ती चढेपर्यंत कुणी बसू नये म्हणून. ती चढली. ते म्हणाले नाहीत, ये, इथे बस. वर्गासमोर स्वतःच्या मुलीला जागा धरली असे दिसले असते. ती मागे जाऊन बसली. पिशवी लोणावळ्यापर्यंत ऐटीत बसून आली. त्या पिशवीत दोन पेरू होते, हेही आता त्यांना आठवले, आणि हे आठवून काय करायचे ते कळेना.

"अहो, उठताय ना?" सरोजिनीबाई म्हणाल्या.

"बघतोय जरा."

"डोळे मिटून?"

"तो नाही का मिटून बघत?" सर म्हणाले. कैलासने आणि चिंचवडच्या एका गृहस्थाने त्यांना दोन्ही बगलांत धरून उभे केले.

पुढचा कार्यक्रम संस्कृतीचा होता. गवती छपराखाली सगळ्यांना ओळीत उभे करण्यात आले. अपेक्षा आता मुकुटासह नाच करून आली होती आणि तिच्या बोटांना पितळी लांब नख्या होत्या. त्यामुळे तिला कपाळावरची माशी हाकलता येत नव्हती आणि ती मान झटकून तेवढ्यापुरता नाच चालू ठेवत होती. "तिकडं नमस्काराला वाय म्हंतात," कैलास सांगू लागला. "पण तो आपल्यासारखा सरसकट न्हाई. हात किती वर न्यायचे त्याला मान हाय. बरोबरीचा असला तर हितं, हनुवटीपाशी. आईबाप, मास्तर असले तर नाकापाशी, अन् मान खाली. साधू असला तर आणखी वर, कपाळाला. अन् मोठ्या माणसापुढनं जाताना पाठ न्हाई दावायची, वाकून मागं सरायचं." चिंचवडच्या मंडळींनी आळीपाळीने हनुवटी, नाक, कपाळ असे करून पाहिले आणि एकमेकांना साधू केले. हशा झाला. सरोजिनीबाईंनी हात जोडले नव्हते. त्या पाण्याकडे बघत होत्या, आणि पाण्यात बघण्यासारखे काही नव्हते.

"आणि सासरा?" सरांनी विचारले.

"आँ?"

"सासरा असला तर? हात कुठे?"

कैलासने विचार केला. "सासऱ्याचं ट्रेनिंगला न्हाई आलं बघा. पण आपल्याकडं सासरा लांबनंच बरा." पुन्हा हशा झाला.

"नाकापाशी आईबाप, हे नक्की का?"

"आता नक्की कसं म्हनू सर? दोन दिवस व्हिडिओ दावला आमाला. त्यात एक दिस लाइट नव्हती."

म्हणजे अर्धाच पुरावा होता. वर्गात असता तर सरांनी अर्ध्या पुराव्याला अर्धाही गुण दिला नसता. कैलास चुकत असण्याची शक्यता भरपूर होती. आणि समजा चुकत नसला, तरी त्या गृहस्थाने नेमके त्याच अर्थाने हात जोडले असतील याला काय आधार? तोही माणूसच. पाऊण तास कुटुंबसंस्था ऐकल्यावर कोणत्याही देशातला माणूस कोपरापासून हात जोडू शकतो. त्याला संस्कृती लागत नाही. हे सगळे त्यांनी नीट मांडून पाहिले, आणि ते बरोबर होते, आणि तरी नाकाशी नेलेले ते हात, खाली गेलेले ते डोके आणि मागे सरकताना खुर्चीला धडकून झालेला तो छोटा आवाज, जो त्यांनी दीड वर्ष ऐकलाच नव्हता, आता स्पष्ट ऐकू आला. पाठ न दाखवता मागे सरणारा माणूस खुर्चीला धडकतोच.

फोटो प्रत्येकाचा निघायचा होता. सरांची पाळी आली तेव्हा अपेक्षा नखी रोखून म्हणाली, "आबा, हात जोडा. थोडं वर. आणखी. हां, नाकापाशी." छपराच्या खांबावर एक टीव्ही लावलेला होता आणि काढलेला फोटो लगेच त्यावर येई. सरांनी आपला फोटो पाहिला. मनगटावर गुलाबी पट्टी लावलेला एक म्हातारा, खांदे उचललेले, कोपरे अंगाशी, मान जरा खाली. त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हते. म्हणजे जे होते ते स्वतःच्या चेहऱ्यावर त्यांनी कधी पाहिलेले नव्हते. तो काही मागत असावा, किंवा आपण दारात उभे आहोत हे कुणाला तरी सांगत असावा. नुसते पाहिले तर त्या नमस्काराला कुणीही कोपरापासूनचा म्हटले नसते. सर पुष्कळ वेळ पाहत राहिले. मग पुढच्या बाईंचा फोटो आला आणि तो म्हातारा गेला.

"कॉपी पाहिजे का आबा?" अपेक्षाने विचारले. "फ्रेममधी पन मिळंल."

"नको," सर म्हणाले. "पाहिला."

शेवटी तरंगता बाजार होता. धरणाच्या फुगवट्यात होड्या हलत होत्या. त्यांपैकी एकीत जैन नूडल्स होत्या, एकीत मक्याची कणसे, आणि एकीत नुसतीच एक कुत्री निवांत झोपली होती. होडीवाला कापणीला गेल्यामुळे वल्ही कैलासनेच घेतली. सर आणि सरोजिनीबाई समोरासमोर बसले. काठावरची भाते पिवळी पडली होती. त्यांच्यात वाकलेल्या पाठी दिसत होत्या, आणि वाऱ्यावर कापलेल्या पेंढ्यांचा कोरडा गोड वास येत होता. बँकॉक आपल्याहून दीड तास पुढे, सरांच्या मनात आले. म्हणजे तिकडे आता जेवणे होऊन भांडीसुद्धा झाली असतील. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, त्यामुळे पूर्वेकडच्या लोकांचे सगळे आपल्या आधी आटपते. आपल्याला जे आज दुपारी कळते ते त्यांना सकाळीच कळलेले असते. यात कमीपणा असा काही नाही. ते रेखांशांचे काम आहे.

"फोन दे जरा तुझा," ते म्हणाले.

"कशाला? टाइम बघायचाय?"

"दे तर खरं."

सरोजिनीबाईंनी पर्समधून मोबाइल काढून दिला. तो उघडलेलाच होता, आणि पडद्यावर कौमुदीचे नाव होते. त्यांनी तो कधी उघडून ठेवला होता कोण जाणे. नवऱ्याकडे त्यांनी पाहिले नाही, हात पाण्यात घातला आणि बोटे तशीच पाण्यातून जाऊ दिली. सरांनी मनात वाक्य जुळवले. समाजांचे चालीरीतींविषयी एकमेकांबद्दल गैरसमज होणे, हे त्या त्या प्रदेशाच्या रचनेमुळे अपरिहार्य असून, अशा वेळी वडीलधाऱ्याने. वडीलधाऱ्याने काय करावे, तिथे क्रियापद येईना. त्यांनी हिरव्या खुणेवर अंगठा दाबला. "पाण्यावर रेंज लय भारी हाय सर," कैलास मागून म्हणाला, "व्हिडिओ पन चालंल." सरांनी हाताने त्याला गप्प राहायला सांगितले. घंटा वाजू लागली; तिकडची घंटा इकडच्यापेक्षा वेगळी वाजते, हे त्यांना ठाऊक नव्हते.

"हं आई, बोल," कौमुदीचा आवाज आला. मागे कुठेतरी पंखा चालला होता आणि भांडे ठेवल्याचा आवाज झाला. "आई? ऐकू येतंय का? कुठं आहेस, एवढा वारा कसला?"

होडी एका बाजूला कलली आणि सावरली.

"आई?" मग आवाज बदलला. "... बाबा?"

"हो," सर म्हणाले. क्रियापद अजून आलेले नव्हते, आणि आता ते येईल असेही दिसत नव्हते.

"कौमुदी," ते म्हणाले, "त्याला जरा विचारून सांग, डिसेंबरासाठी. उशी जाड लागते की पातळ?"